रेशनचा हक्क आणि आपला अर्ज
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



शाळेच्या मेळाव्यात शिक्षक बोलायला उभा राहिला की तो टक्केवारीवर, निकालावर किंवा शिस्तीवर बोलणार, अशी सर्वांची अपेक्षा असते. ती रास्तच आहे. परंतु आज मी आपणांसमोर एक वेगळाच विषय मांडणार आहे. तो विषय आहे रेशनच्या धान्याचा. आपल्याकडे कोणी रास्त भाव दुकान म्हणत नाही. नांदेडच्या इतवाऱ्यात काय किंवा लातूर-उदगीरच्या मोहल्ल्यांत काय, सगळीकडे त्याला ‘कंट्रोल’च म्हणतात. त्या कंट्रोलविषयी मी बोलणार आहे.

शिक्षकाचा याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध हजेरीपटाचा आहे. महिन्यातून दोन-तीन दिवस असे येतात की वर्गातील ठराविक बाके रिकामी असतात. दुसऱ्या दिवशी कारण विचारले की उत्तर मिळते, “सर, कोटा आला होता. अम्मी कामावर गेली, म्हणून मी रांगेत होतो.” काही मुली तर एकाच महिन्यात तीन-तीन चकरा मारतात. आज मशीन बंद, उद्या या. उद्या नाव दिसत नाही, तहसीलला जा. तहसीलमध्ये साहेब नाहीत, सोमवारी या. यात मुलीचे गणिताचे दोन तास बुडतात आणि आईची मजुरी बुडते. म्हणून हा विषय शाळेचाही आहे.

या चकरांत एक प्रश्न मला पालकांकडून वारंवार विचारला जातो. “मास्टरसाब, वो आदमी हमारा सुनताच नै. दुसरे के पास जा सकते क्या?” तो माणूस कधी दुकानदार असतो, कधी पुरवठा शाखेतील कारकून असतो. प्रश्न साधा आहे. परंतु त्याचे उत्तर आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. तेच उत्तर आज यथाशक्ती सांगावे असा माझा विचार आहे.

मेहेरबानी नव्हे, हक्क

प्रथम थोडा इतिहास पाहू. ‘कंट्रोल’ हा शब्द आपल्या बोलीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासूनचा आहे. तेव्हा धान्यावर सरकारी नियंत्रण आले. मुंबईत १९४३ साली रेशनिंग सुरू झाले. आपला मराठवाडा त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांना विचारा. परदेशातून आलेली ती लाल मिलो ज्वारी आणि खडी फोडण्याच्या कामावर वाटलेली सुकडी त्यांना अजून आठवते. त्या काळी जे मिळाले ते सरकारने दिले, आपण घेतले, असाच भाव होता. देणारा वर आणि घेणारा खाली, अशीच त्याची रीत होती.

त्यानंतर १९९७ मध्ये गरिबांना लक्ष्य धरून धान्य देण्याची पद्धत आली आणि महाराष्ट्रात १९९९ पासून पिवळी, केशरी व पांढरी अशी तीन रंगांची कार्डे आली. २००१ साली अन्नाच्या हक्कासाठी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली आणि न्यायालयाने वेळोवेळी दिलेल्या आदेशांमुळे सरकारी योजनांकडे हक्क म्हणून पाहिले जाऊ लागले. शेवटी २०१३ साली संसदेने राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम केला. आपल्या राज्यात तो १ फेब्रुवारी २०१४ पासून अमलात आला.

बंधू-भगिनींनो, या कायद्याने एक मोठा फरक केला. तो फरक समजला तर पुढचे सर्व सोपे आहे. जे पूर्वी सरकारची मेहेरबानी होते, ते आता कायद्याने ठरवून दिलेले देणे झाले. आपल्या समाजात जकात आणि सदका यांची परंपरा आहे. घेणाऱ्याचा चेहरा उघड होऊ नये, त्याला मान खाली घालावी लागू नये, हे संस्कार आपल्यावर आहेत. परंतु या संस्काराचा एक उलटा परिणाम मी पाहतो. रेशनच्या धान्यालाही आपण दान समजतो आणि दानात काय मागायचे, म्हणून कमी मिळाले तरी मुकाट्याने परत येतो. रेशन हे दान नाही. ज्याचे नाव यादीत आहे त्याचे ते धान्य आहे. ते मागताना लाज कशाची?

आपला वाटा किती?

हक्क मागायचा तर तो किती आहे हे आधी पाठ पाहिजे. पाढ्यांसारखे पाठ पाहिजे.

अंत्योदय कार्ड असेल तर कुटुंबाला दरमहा ३५ किलो धान्य. माणसे किती, याचा त्यात हिशेब नाही. प्राधान्य कुटुंब असेल तर दर माणशी दरमहा ५ किलो. म्हणजे यादीत पाच नावे असतील तर २५ किलो. गहू किती आणि तांदूळ किती, हे प्रमाण सरकार वेळोवेळी बदलते. परंतु एकूण वजन तेवढेच राहते. पूर्वी तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो होते. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले आणि १ जानेवारी २०२४ पासून ते आणखी पाच वर्षे मोफत देण्याचे केंद्र सरकारने ठरवले. तेव्हा या धान्यासाठी कोणी गाडीभाडे, हमाली किंवा ‘वरचे’ म्हणून पैसे मागत असेल तर ते देण्याचे कारण नाही.

आपल्या भागातील शेतकऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. मराठवाड्यातील आठही जिल्हे, म्हणजे नांदेड आणि लातूर धरून, तसेच विदर्भातील सहा अशा चौदा जिल्ह्यांतील केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना २०१५ पासून स्वस्त धान्य दिले जात होते. २०२३ पासून त्याऐवजी माणशी ठराविक रोख रक्कम बँकेच्या खात्यात जमा करण्याचे ठरले. ज्यांच्या नावावर जमीन आहे आणि कार्ड केशरी आहे, त्यांनी आपले खाते जोडलेले आहे की नाही हे एकदा पाहून घ्यावे.

भगिनींसाठी मुद्दाम सांगतो. या कायद्याच्या तेराव्या कलमाप्रमाणे घरातील अठरा वर्षे किंवा त्याहून अधिक वयाची सर्वांत ज्येष्ठ स्त्री ही रेशनकार्डापुरती कुटुंबप्रमुख असते. तेव्हा “मर्द को भेजो” असे म्हणून कोणी तुम्हाला खिडकीवरून परत पाठवत असेल, तर कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून माझेच नाव आहे, असे नम्रपणे पण ठामपणे सांगा.

पहिले दार : दुकान बदलता येते

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दुकानदार ऐकत नसेल तर दुसऱ्याकडे जाता येते काय?

जाता येते. आणि त्यासाठी कोणाची परवानगीही लागत नाही. दुकानांत अंगठ्याचे मशीन आल्यापासून कार्ड एका दुकानाला बांधलेले राहिले नाही. यालाच ‘एक देश, एक रेशनकार्ड’ म्हणतात. ऑगस्ट २०१९ मध्ये आंध्र व तेलंगण आणि महाराष्ट्र व गुजरात अशा राज्यांच्या जोड्यांत ही सोय सुरू झाली आणि आता ती देशभर आहे. अन्न सुरक्षेच्या यादीत नाव आणि आधार जोडलेला असला की कोणत्याही रास्त भाव दुकानात बारा आकडी कार्ड क्रमांक किंवा आधार क्रमांक सांगावा, अंगठा लावावा आणि आपला वाटा घ्यावा.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील लोकांना याचा केवढा उपयोग आहे पाहा. देगलूर, बिलोली, धर्माबाद हे तालुके तेलंगणच्या सीमेला लागून आहेत. कामासाठी माणसे निजामाबादला, हैदराबादला जातात. उदगीर, निलंग्याची माणसे पुण्याला, भिवंडीला जातात. घरातील दोघे बाहेर आणि चौघे गावी, असे असेल तर बाहेर असलेल्यांनी आपला वाटा तेथे घ्यावा आणि उरलेला घरच्यांनी गावी घ्यावा, अशीही या व्यवस्थेत तरतूद आहे. मात्र दुसऱ्या राज्यात केंद्राच्या कायद्याप्रमाणे असलेले धान्यच मिळते. त्या राज्याने आपल्या लोकांना स्वतःकडून जादा दिलेले काही असेल, ते आपल्याला मिळत नाही.

यात एक व्यवहाराची अडचण आहे, तीही सांगतो. शेजारचा दुकानदार म्हणतो, “माझ्याकडे माझ्याच कार्डांपुरता माल आहे.” त्याचेही अगदी खोटे नसते. म्हणून महिन्याच्या शेवटच्या दिवशी न जाता, माल आल्यावर लवकर जावे. आणि कायमचेच दुकान बदलायचे असेल तर तहसीलदारांकडे अर्ज करून कार्ड सोयीच्या दुकानाला जोडून मागावे.

येथे मला दुकानदारांची बाजूही मांडली पाहिजे. सर्व दुकानदार वाईट आहेत असे मी मुळीच म्हणत नाही. त्यांना क्विंटलमागे ठरलेले कमिशन मिळते, सर्व्हर बंद पडला की शिव्या त्यांनाच खाव्या लागतात आणि पोत्यात माल कमी आला तरी ग्राहक त्यांनाच धरतो. जुलै २०१८ मध्ये आपल्याच नांदेड जिल्ह्यात, नायगाव तालुक्यातील कृष्णूर येथे सरकारी धान्याचे ट्रक पोलिसांनी पकडले आणि त्या प्रकरणाचा तपास पुढे राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाकडे गेला, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले आहे. या प्रकरणावरून एवढे तरी कळते की गळती झाली तर ती नेहमी गल्लीतल्या दुकानातच होते असे नाही. गोदामापासून दुकानापर्यंत वाट लांब आहे. म्हणून तक्रार करताना माणसाच्या स्वभावाबद्दल लिहू नये, घटनेबद्दल लिहावे. कोणत्या तारखेला, कोणत्या दुकानात, किती किलो कमी मिळाले, पावती दिली की नाही, एवढेच लिहावे. खरा दोषी कोण, हे चौकशी करणाऱ्याला शोधू द्यावे.

दुसरे दार : साहेब बदलतात काय?

दुकानाचे झाले. आता कचेरीचे पाहू. कार्डात नाव चढवणे, नाव कमी करणे, नवे कार्ड काढणे, बंद पडलेले धान्य सुरू करणे ही कामे तहसीलच्या पुरवठा शाखेतून होतात. तेथील एखादा कर्मचारी दाद देत नसेल तर आपले काम दुसऱ्याकडे द्या, असे म्हणता येते काय?

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला परिचयाचे उदाहरण देतो. दहावीचा पेपर कोणत्या परीक्षकाकडे जावा, हे तुम्ही ठरवू शकत नाही. परंतु गुण कमी वाटले तर तुम्ही बोर्डाकडे गुणपडताळणीचा अर्ज करता, उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता आणि पुनर्मूल्यांकन मागता. तेव्हा दुसरा परीक्षक तोच पेपर पुन्हा पाहतो. यात पहिल्या परीक्षकाचा अपमान होतो काय? होत नाही. त्याच्याशी भांडायला त्याच्या घरी कोणी जात नाही. अर्ज, मुदत आणि दुसरी नजर, अशी ही सरळ पद्धत आहे.

पुरवठा शाखेचेही तसेच आहे. आपला कारकून आपण निवडू शकत नाही. परंतु आपला कागद दुसऱ्या नजरेखाली नेण्याचा हक्क आपल्याला आहे. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्यानेच तिचा निकाल द्यावा, हे कोणत्याही न्यायात बसत नाही. म्हणून कायद्याने पायऱ्या करून ठेवल्या आहेत.

पहिली पायरी तहसीलदार. कारकुनाने किंवा निरीक्षकाने तोंडी ‘नाही’ म्हटले तर ते कचेरीचे उत्तर समजू नका. तहसीलदारांच्या नावे लेखी अर्ज द्या आणि ‘माझ्या प्रकरणाची चौकशी संबंधित कर्मचाऱ्याऐवजी अन्य अधिकाऱ्यामार्फत व्हावी’ असे त्यातच लिहा. असे लिहिण्यात उद्धटपणा नाही.

दुसरी पायरी जिल्हा पुरवठा अधिकारी. तिसरी पायरी जिल्हा तक्रार निवारण अधिकारी. हे पद अन्न सुरक्षा कायद्याच्या पंधराव्या कलमाने निर्माण केलेले आहे आणि धान्य न मिळाल्याच्या तक्रारी ऐकणे हेच त्यांचे काम आहे. त्यांचाही निर्णय पटला नाही तर मुंबईला राज्य अन्न आयोग आहे, तेथे अपील करता येते. जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्यांनी सुचवलेली मदत एखाद्या सरकारी नोकराने योग्य कारणाशिवाय दिली नाही, तर आयोग त्याला पाच हजार रुपयांपर्यंत दंड करू शकतो. आणि ठरलेले धान्य मिळालेच नाही तर त्याबद्दल अन्न सुरक्षा भत्ता रोख मिळण्याची तरतूद आठव्या कलमात आहे.

कार्डाच्या कामांसाठी आणखी एक कायदा आहे. तो म्हणजे महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. ज्या सेवा त्याखाली जाहीर केलेल्या आहेत, त्या ठरलेल्या दिवसांत मिळाल्या पाहिजेत. मिळाल्या नाहीत तर वरच्या अधिकाऱ्याकडे तीस दिवसांत पहिले अपील, नंतर दुसरे आणि शेवटी आयोगाकडे तिसरे. प्रत्येक अपिलात ऐकणारा अधिकारी वेगळा असतो, म्हणजे आपल्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. शिवाय अर्ज कोठे अडला, कोणाच्या टेबलावर किती दिवस पडला, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. फी दहा रुपये, आणि दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तीही नाही.

एका माऊलीची हकिकत

आमच्या वर्गातील एका मुलीच्या आईची गोष्ट सांगतो. नाव-गाव सांगत नाही. नवरा वारलेला, स्वतः डाळ मिलमध्ये निवडण-टिपण करते. चार महिने तिला धान्य मिळाले नाही. दुकानदार म्हणे, “अंगठा जुळत नाही.” कचेरीत म्हणत, “आधारावर नाव वेगळे, कार्डावर वेगळे.” आणि ते खरे होते. कार्डावर नावापुढे ‘बी’ होते, आधारावर ‘बेगम’. आपल्या समाजात हे घरोघरी आहे. एका कागदावर शेख पुढे, दुसऱ्यावर मागे. कोठे बानू, कोठे बी. कोठे वडिलांचे नाव, कोठे नवऱ्याचे. माणूस एकच आणि कागदांवर तिघे.

ती बाई अकरा वेळा कचेरीत गेली होती आणि अकराही वेळा तोंडीच बोलून आली होती. तिच्या हातात एकही कागद नव्हता. मी तिला एवढेच सुचवले की बारावी चकर मारण्याआधी एक अर्ज लिहू. अर्ज तिच्या मुलीने लिहिला, वहीच्या पानावर. आवक शाखेत दिला, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि क्रमांक घेतला. त्याच आठवड्यात ती पलीकडच्या मोहल्ल्यातील दुसऱ्या दुकानात गेली. तेथे दुकानदाराने बोट धुवायला लावून दुसरे बोट मशीनवर ठेवायला सांगितले आणि अंगठ्याने अडलेले काम मधल्या बोटाने झाले. त्या महिन्याचे धान्य मिळाले. नावाच्या दुरुस्तीला मात्र वेळ लागला, आणि चार महिन्यांचे गेलेले धान्य काही परत आले नाही. सर्व गोड झाले असे मी सांगणार नाही. परंतु एक फरक मी स्वतः पाहिला. आधी ती खिडकीपाशी “साहेब, बघा ना” म्हणून उभी राहत असे. नंतर ती आवक क्रमांक सांगून, “माझ्या अर्जाचे काय झाले?” असे विचारू लागली. आणि तिला उत्तर द्यावे लागू लागले.

येथे हेही सांगितले पाहिजे की केवळ आधार नाही किंवा बोटाचा ठसा जुळत नाही, एवढ्यावरून खऱ्या लाभार्थ्याला धान्य नाकारू नये, असे केंद्र सरकारने २०१७ सालीच राज्यांना कळवलेले आहे. कष्टाने झिजलेल्या हातांचे ठसे उमटत नाहीत, हा काही त्या हातांचा गुन्हा नव्हे.

अर्ज कसा लिहावा?

विद्यार्थी मित्रांनो, मराठीच्या प्रश्नपत्रिकेत पत्रलेखनाचा प्रश्न असतो. त्यात तुम्ही काल्पनिक विषयावर काल्पनिक अधिकाऱ्याला सुंदर पत्र लिहिता आणि गुण मिळवता. तेच पत्र एकदा खऱ्या कचेरीला लिहा. नमुना असा :

प्रति, मा. तहसीलदार (पुरवठा शाखा), तहसील कार्यालय.
विषय : शिधापत्रिका दुसऱ्या दुकानास जोडणे व कमी धान्याची चौकशी करणेबाबत.
महोदय,
मी खाली सही करणार, माझा शिधापत्रिका क्रमांक अमुक असून त्यात पाच व्यक्तींची नावे आहेत. नियमाप्रमाणे मला दरमहा २५ किलो धान्य मिळावयास हवे. अमुक तारखेस अमुक क्रमांकाच्या दुकानातून २० किलो धान्य मिळाले व पावती मिळाली नाही. याबाबत मी अमुक तारखांना शाखेत दोनदा विचारणा केली, परंतु लेखी उत्तर मिळाले नाही. तरी माझी शिधापत्रिका अमुक क्रमांकाच्या दुकानास जोडावी, तसेच या प्रकरणाची चौकशी अन्य अधिकाऱ्यामार्फत करून मला लेखी कळवावे, ही विनंती.
सोबत : शिधापत्रिकेची व आधारची छायाप्रत.

एवढेच पुरे आहे. रागाचा एक शब्द नको, लाचारीचाही नको. दोन प्रती कराव्यात. एक आवक शाखेत द्यावी आणि दुसरीवर शिक्का, तारीख व क्रमांक घ्यावा. त्या शिक्क्याला ‘पोच’ म्हणतात. पोच नसलेला अर्ज म्हणजे वाऱ्यावर बोललेले वाक्य. फोन करायचा असेल तर १९६७ आणि १८००-२२-४९५० हे राज्याचे निःशुल्क क्रमांक आहेत. फोनवरही तक्रारीचा क्रमांक विचारून लिहून ठेवावा.

दोन भीती आणि एक कर्तव्य

लोक मला सांगतात, “शिकायत करेंगे तो कार्ड काट देंगे.” ही भीती खरी आहे, तिला मी हसणार नाही. परंतु कार्ड रद्द करण्याचा अधिकार दुकानदाराला नाही. इतकेच काय, आपले कार्ड स्वतःजवळ ठेवून घेण्याचाही अधिकार त्याला नाही. केंद्र सरकारच्या २०१५ च्या नियंत्रण आदेशात तसे स्पष्ट आहे. त्याच आदेशाप्रमाणे दुकानाची वेळ, शिल्लक माल आणि तक्रार कोणाकडे करावी, हे फलकावर लिहिलेले असले पाहिजे. दुसरी भीती एकटे पडण्याची. तिच्यावर उपाय म्हणजे दक्षता समिती. कायद्याने ती राज्यापासून दुकानापर्यंत प्रत्येक पातळीवर सांगितली आहे. आपल्या दुकानाच्या समितीवर कोण आहे, ती बैठक घेते की नाही, हे पाच-दहा पालकांनी मिळून विचारावे. एकट्याचा आवाज खिडकीतच विरतो, दहा जणांच्या सह्या मात्र फाइलीत राहतात.

आणि आता कर्तव्य. हक्काची भाषा करणाऱ्याचे हात स्वच्छ पाहिजेत. प्राधान्य यादीत नाव येण्यासाठी आपल्या राज्यात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ठरली, ती खेड्यात ४४ हजार आणि शहरात ५९ हजार रुपये. ज्यांची परिस्थिती अल्लाहच्या कृपेने सुधारली आहे, त्यांनी स्वतःहून यादीतून बाहेर पडावे. राज्याच्या वाट्याला लाभार्थ्यांची संख्या ठरवून दिलेली आहे. ती सुमारे सात कोटी आहे. जागा अडली की दुसरा खरा गरजू बाहेर राहतो. तसेच कंट्रोलचा तांदूळ घेऊन तो दाराशी येणाऱ्या व्यापाऱ्याला विकणे, हेही थांबले पाहिजे. आपणच विकायचे आणि आपणच धान्य पळवले म्हणून ओरडायचे, हे बरे दिसत नाही.

शाळेने काय करावे?

शेवटी एक नम्र सूचना मांडतो. आमच्या नववी-दहावीच्या वर्गांनी दर महिन्यातील एका शनिवारी एक तास अर्जलेखनासाठी ठेवावा. ज्या पालकांना लिहिता येत नाही त्यांनी आपले कागद घेऊन यावे. मुलांनी सर्व कागदांवरील नावे जुळवून पाहावीत, फरक असेल तर तो टिपून द्यावा आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली अर्ज लिहावा. यात खर्च काही नाही. मुलांचे पत्रलेखन पक्के होईल आणि घरच्यांच्या चकरा कमी होतील. ज्या मुलीला आज रांगेत उभे राहण्यासाठी शाळा बुडवावी लागते, तिच्याच हातच्या एका कागदाने तिची बुडणारी शाळा वाचू शकेल.

आपल्या वाडवडिलांनी ही शाळा काढली ती मुलांना नोकऱ्या लागाव्यात एवढ्यासाठीच नाही, असे मी मानतो. कचेरीच्या खिडकीसमोर आपले माणूस उभे राहिले तर त्याला आपले म्हणणे चार ओळींत, सभ्य भाषेत आणि न घाबरता मांडता यावे, हाही शिक्षणाचाच एक उपयोग आहे. या कामी पालकांनी शाळेला साथ द्यावी, अशी विनंती करतो. 

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.